वाघमारे मॅडम आणि गुलाबी नळी

मागच्या उन्हाळ्यात माझ्या छातीत दुखायला लागलं आणि मुलानं मला उचलून लातूरच्या एका दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं एक बारीक गोळी माझ्या जिभेखाली ठेवली आणि लहान पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाला, "काका, या गोळीनं नसा सैल पडतात. आता बरं वाटेल." मी गोळी जिभेखाली सांभाळत जमेल तसं बोललो, "नायट्रिक ऑक्साइड." डॉक्टर चपापला. "काका, तुम्ही केमिस्ट्रीचे का?" म्हटलं, "नाही, मराठीचा." म्हातारा बरळायला लागला असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं लगेच नर्सला बीपी परत घ्यायला सांगितलं.

मी बरळत नव्हतो. लातूरच्याच कॉलेजात बरीच वर्षं माझा वर्ग आणि प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि भिंतीपलीकडे वाघमारे मॅडम होत्या. त्यांचा आवाज खणखणीत, भिंत सरकारी मापाची. त्यामुळं अर्धं नायट्रिक ऑक्साइड मी भिंतीतून ऐकलेलं आहे आणि उरलेलं चहाबरोबर. मॅडम जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. दवाखान्यातल्या त्या खाटेवर पडल्या पडल्या मला त्यांची फार आठवण आली, आणि खरं सांगतो, छातीत जे भरून आलं ते हृदयविकारानं नव्हतं.

मॅडम बिलोलीकडच्या. तेलंगणा तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं त्यांच्या मराठीत तेलुगू अशी मिसळली होती की वेगळी काढता यायची नाही. काही पटलं की "सरे", काही बिघडलं की "अय्यो". वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बौद्ध घर, शिक्षणाच्या बाबतीत कडक. "आमच्या दादांनी मला दोन गोष्टी कधी करू दिल्या न्हाईत," त्या सांगायच्या. "एक शाळा बुडवणं आणि दुसरी मान खाली घालून बोलणं." दुसरी गोष्ट त्यांना पुढंही कधी जमली नाही. उंची बेताची असल्यामुळं प्राचार्यांशी बोलताना त्यांना वर बघावं लागायचं, पण अवघडून जायचे ते प्राचार्य.

शरीरात नवीन रक्तवाहिन्या कशा फुटतात, हा त्यांचा विषय. एकदा मी सहज विचारलं आणि फसलो. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि टेबलावर बोट ओढायला सुरुवात केली.

"सर, शेताच्या एका कोपऱ्यात पीक सुकायला लागलं की आपण काय करतो? पाटाला नवा फाटा काढतो. शरीर बी तेच करतं. जिथं प्राणवायू कमी पडला, तिथून हाक येते. मग नसेचं आतलं अस्तर एक वायू सोडतं. त्यानं नस सैल होते, अस्तराच्या पेशी मोकळ्या होऊन पुढं सरकतात आणि जुन्या नसेला नवी फांदी फुटते. जखम भरते ती अशी."

"वायू? म्हणजे पोटात धरतो तो?"

"तुमच्या पोटातला न्हाई, सर. नायट्रिक ऑक्साइड. मोटारीच्या धुरात असतो, वीज कडाडली की हवेत तयार होतो आणि तुमच्या-माझ्या नसेत बी होतो. जराक असला तर जीव, जास्त झाला तर जहर."

हे शेवटचं वाक्य मी उचललं आणि अलंकार शिकवताना कितीतरी वर्षं वापरलं. मॅडमला ते भिंतीतून ऐकू जायचं. मग मधल्या सुट्टीत त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "सर, माझा वायू तुमच्या वर्गात गळून राहिला वाटतं."

हा वायू आणि या वाहिन्या बघायच्या कुठं? तर अंड्यात. उबवलेल्या अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडली की आतल्या पडद्यावर लाल वाहिन्यांचं जाळं पसरताना डोळ्यांनी दिसतं. पहिल्या वर्षी कॉलेजनं हौसेनं दुकानातून अंड्यांचे ट्रे आणून दिले. पोरींनी ती उबवणीयंत्रात ठेवली, रोज फिरवली, अंधाऱ्या कपाटात बॅटरीपुढं धरून पाहिली. आत काही हलेना. मॅडम सुट्टीवरून आल्या, त्यांनी ट्रे बघितला आणि पोट धरून हसल्या. "अगं, ही बिनबापाची अंडी हाईत! पोल्ट्रीत कोंबड्या असतात, कोंबडा कुठं असतो? वर्षभर उबवली तरी यातून काय निघणार?"

तेव्हापासून त्या स्वतः गावरान अंडी आणायला लागल्या. एकदा उदगीरला एका लग्नासाठी आम्ही सगळे गेलो होतो. बाजारात एक म्हातारी अंडी घेऊन बसली होती. मॅडम रेशमी साडी सावरत तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"मावशी, घरी कोंबडा हाय का?"

"अंडी घ्या की बाई, चांगली हाईत. कोंबडा न्हाई विकायचा मला."

"विकत नको वो. हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"हाय की."

"कोंबड्यांत मोकळा फिरतो का?"

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, तुमाला अंडी पाहिजेत का सोयरीक जुळवायची हाय?"

अख्खा बाजार हसला आणि सगळ्यात मोठ्यानं मॅडम हसल्या. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'अंडेवाल्या मॅडम' पडलं होतं. पाडणाऱ्यांच्या मनात सगळं निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. पण मॅडमनी ते नाव असं उचललं की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. वीज गेली की त्या अंडी टोपलीत घालून, गरम पाण्याची पिशवी आणि शाल गुंडाळून स्टाफ मीटिंगला घेऊन यायच्या. प्राचार्य शिस्तीवर बोलत असताना मांडीवरच्या टोपलीत त्यांचा हात चालू असायचा, कारण अंडी अधूनमधून फिरवावी लागतात. एकदा प्राचार्यांनी वैतागून विचारलं, "मॅडम, लक्ष आहे ना?" त्या म्हणाल्या, "माझं हाय सर. यांचे अजून डोळे यायचे हाईत."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जोडीनं आलेल्यांना एकेकटं बसवून विचारा." विद्यार्थ्यांना त्या हे इतक्या वेळा सांगत, की मागच्या बाकावरची पोरं ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत. दोन गोष्टी मिळून एखादा परिणाम झाला, तर खरा कुणामुळं झाला हे दोघांना वेगळं केल्याशिवाय कळत नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या इतिहासाच्या सरांचा मुलगा बारावीला चमकला तेव्हा सर महिनाभर सांगत होते की पहाटेचा अभ्यास आणि भिजवलेले बदाम यांनी हे झालं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बदाम बंद करून बघितलं का?" सरांनी त्यानंतर तो विषय काढला नाही. बदामही कमी केले असावेत.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

विळा लागला, खरचटलं, की आपल्याकडं कुणीही बांधावरची कंबरमोडी चुरगाळून तिचा रस जखमेवर पिळतो. मॅडमचा प्रश्न असा की या रसानं नव्या रक्तवाहिन्या फुटतात का आणि फुटत असतील तर त्या वायूमुळं फुटतात का. वायू काही हातात सापडत नाही. तयार होतो आणि विरून जातो. पण जाताना तो एक खूण सोडून जातो आणि त्या खुणेत एक औषध घातलं की नळीतलं पाणी गुलाबी होतं. गुलाबी जितकी गडद, तितका वायू जास्त.

पावसाळ्यात मॅडमनी माळावरची कंबरमोडी आणून नुसता रस तपासला. त्यात गुलाबी आली नाही. म्हणजे रस स्वच्छ. पुढं उन्हाळ्यात ताज्या कंबरमोडीचा रस अंड्यांना दिला तर वाहिन्या दाट झाल्या आणि नळी जास्वंदीसारखी रंगली. मॅडमनी ते नांदेडच्या एका परिषदेत मांडलं. टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मॅडमपेक्षा टोपली मोठी दिसत होती. आणि त्या जोरावर आमच्या कॉलेजनं संशोधन केंद्राच्या मान्यतेसाठी अर्ज केला.

या मान्यतेत मॅडमचा जीव अडकला होता. त्याला कारण जयश्री बिरादार. उदगीरची पोरगी, एमएस्सीला पहिली आलेली, मॅडमच्या हाताखाली काम करणारी. पीएचडीसाठी बाहेरगावी ठेवायला घरचे तयार नव्हते. लातूरला एसटीनं येऊन-जाऊन कर म्हणाले होते, तेही मॅडमकडं बघून. केंद्र झालं तर जयश्री शिकणार, नाही तर येत्या सराईत तिचं लग्न ठरलेलं. "आणि एकट्या जयश्रीचं न्हाई सर," मॅडम म्हणायच्या. "देगलूर, बिलोली, उदगीर, तिकडल्या सगळ्या पोरींना हे जवळचं दार हाय."

सोमवारी नांदेडहून विद्यापीठाची समिती येणार होती. त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा म्हणून शनिवारी मॅडम ताजा पाला आणायला जयश्रीबरोबर स्वतः गेल्या. एरवी पाला जयश्रीच आणायची. माळ तर वाळून खडखडीत झाला होता. जयश्री मॅडमला आपल्या चुलत्याच्या उसात घेऊन गेली.

तिथं काय झालं ते मला जयश्रीनं नंतर सांगितलं. उसाच्या बांधावर कंबरमोडी गुडघ्याएवढी माजलेली, पानं काळीशार. चुलते उसाला युरिया टाकत होते. मॅडम जागेवर थबकल्या.

"जयश्री, मागच्या उन्हाळ्यात पाला कुठून आणलतीस?"

"इथूनच की मॅडम. माळावर काडी न्हवती राहिली. हिरवं म्हणून एवढंच होतं."

मॅडमनी पाला खुडला आणि थेट प्रयोगशाळेची वाट धरली.

रविवारी मी पेपर तपासायला कॉलेजात आलो होतो. भिंतीपलीकडून हाक आली, "पाटील सर, जरा या." आवाज खणखणीत नव्हता. मी गेलो. टेबलावर एकच नळी उभी होती, गडद गुलाबी.

"छान आली की," मी म्हणालो.

"यात अंडं न्हाई, सर. नुसता रस हाय. उसाच्या बांधावरचा."

मला समजायला थोडा वेळ लागला. युरिया जमिनीत मुरतो, त्याचा खार तणही पितं, आणि रस काढून ठेवला की त्यात तीच खूण तयार होते जी वायू सोडून जातो. म्हणजे टाळ्या पडल्या त्या गुलाबीत वायूचं किती होतं आणि युरियाचं किती, हे आता देवही सांगू शकला नसता. मॅडमनी रसाला पावसाळ्यात एकटं बसवून विचारलं होतं. पण तो रस माळाचा होता. उन्हाळ्याचा रस उसाचा. त्याला विचारायचं राहून गेलं होतं.

जयश्री कोपऱ्यात रडत होती. मॅडम तिला म्हणाल्या, "रडू नको. पाला तू आणलास, पण कुठून आणलास ते विचारायचं काम माझं होतं." मग माझ्याकडं वळल्या. "सर, तुमचं चुकलं तर पाटील सरांचं चुकलं म्हणतील. माझं चुकलं की लोक काय म्हणतील, तुम्हाला ठाऊक हाय. माझी चूक माझ्या एकटीची राहत न्हाई. दादांपर्यंत जाते. जयश्रीनंतर येणाऱ्या पोरींपर्यंत जाते."

मला ठाऊक होतं. मी त्याच स्टाफरूममध्ये बसत होतो.

मॅडमनी कळवल्यावर प्राचार्य धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण गोंधळला की आवाज बारीक करायचा. म्हणाले, "मॅडम, समितीला काय कळतंय? त्यांनी विचारलं तर बघू. न विचारता कशाला सांगायचं?"

"मी विचारलंय की सर," मॅडम म्हणाल्या. "मला कळलंय. अजून कुणी विचारायचं राहिलंय?"

सोमवारी समिती आली. मी चहापाण्याच्या निमित्तानं प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो. मॅडम पांढऱ्या सुती साडीत होत्या, जी त्या फक्त मोठ्या दिवशी नेसत. टेबलावर दोन नळ्या होत्या, दोन्ही गुलाबी. त्यांनी समितीला खुर्च्यांवर बसूही दिलं नाही.

"ही नळी माझ्या प्रयोगाची," त्या म्हणाल्या, "आणि ही नुसत्या पाल्याच्या रसाची. या तणानं युरिया प्यालेला आहे. मला या दोन गुलाबींत फरक दाखवता येत नाही. म्हणून नांदेडला मी जे मांडलं, ते मागं घेते. परिषदेला तसं कळवलंय. चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही. आता तुम्हाला बाकीची प्रयोगशाळा दाखवते."

प्रमाण मराठीत, एकही 'हाय' न घालता. मान ताठ. आवाज पुन्हा भिंतीतून जाण्याइतका. मी आयुष्यात पुष्कळ वक्ते ऐकले, काहींचा सत्कारही करावा लागला, पण इतकं कमी बोलून इतकं उंच झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मला अभिमान वाटला, आणि माझा तर तिथं काही संबंधही नव्हता.

मान्यता मिळाली नाही. 'पुढील वर्षी विचार करू' असं उत्तर आलं. स्टाफरूममध्ये जे व्हायचं ते झालं. कुणी हरिश्चंद्र म्हणालं, कुणी हळू आवाजात त्याहून वाईट काही म्हणालं. मॅडम रोजच्यासारख्या आल्या, चहा घेतला, कप विसळून ठेवला. दुपारी उदगीरला जाऊन जयश्रीच्या वडिलांना भेटल्या. "एक वर्ष द्या," म्हणाल्या. "चूक माझी हाय, शिक्षा तिला कशाला?" वडील म्हणाले, "आपली चूक सांगाया घरापर्यंत आलेला मास्तर मी पयल्यांदा बघून राहिलो. घ्या वर्ष."

मग कॉलेजच्या गच्चीवर कुंड्या आल्या. माती माळाची, खताचा कण नाही. लातूरच्या त्या उन्हाळ्यात नळाला पाणी यायचं म्हणजे सण. मॅडम घरून कॅन आणायच्या आणि प्यायचं पाणी कंबरमोडीला घालायच्या. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "तण जगवायला पाणी? तुमच्या कॉलेजात सगळेच असले का?" मी अभिमानानं म्हणालो, "नाही, एकच."

या वेळी प्रत्येक जुडीचा रस आधी एकटा तपासला गेला. नळी पांढरी राहिली तरच तो अंड्याला. मग अंड्यातून जी गुलाबी आली ती फिकट होती, पाण्यात कुंकवाचा कण पडावा एवढी. वाहिन्याही दाट झाल्या, पण पहिल्याइतक्या नाहीत. शेवटी मॅडमनी तो वायू अडवणारं औषध अंड्यात घातलं. गुलाबी जवळजवळ गेली आणि वाहिन्यांचं फुटणंही मंदावलं. म्हणजे वायूचं काम खरं होतं. मॅडमनी मला भिंगातून ती दोन अंडी दाखवली. एकात लाल फांद्या टोकापर्यंत गेलेल्या, दुसऱ्यात मध्येच थांबलेल्या. "हे बघा सर," त्या कुजबुजल्या, "थोडकं हाय, पण आपलं हाय."

पुढच्या खेपेला केंद्राला मान्यता मिळाली. समितीच्या अध्यक्षांनी पहिल्या वेळच्या दोन नळ्यांची आठवण काढली म्हणतात. मी तिथं नव्हतो, म्हणून त्यात भर घालत नाही. जयश्रीची नोंदणी त्याच वर्षी झाली, आणि तिच्यामागून बिलोलीची एक पोरगी आली, देगलूरच्या दोघी आल्या. भिंतीपलीकडचा गलका वाढला.

मॅडम निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडं राहायला गेल्या. मार्गदर्शक म्हणून मात्र जयश्रीचं काम त्यांच्याकडंच राहिलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते जयश्रीच्या पीएचडीच्या खुल्या मुलाखतीत, आमच्याच कॉलेजच्या सभागृहात. मॅडम नांदेडहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. वाळल्या होत्या. दुखणं सुरू झालं होतं, पण कुणाला सांगत नव्हत्या. पहिल्या रांगेत बसल्या. मी दोन रांगा मागं, बाजूला. सगळा स्टाफ होता. उदगीरहून जयश्रीचे आई-वडील आले होते.

जयश्रीनं छान मांडलं. मग बाहेरगावाहून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्याच मार्गदर्शकांनी पूर्वी नांदेडला जे आकडे मांडले होते, ते यापेक्षा कितीतरी मोठे होते. तुमचे इतके लहान कसे?"

काही माना खाली गेल्या, काही माना मुद्दाम वर आल्या. मी मॅडमच्या पाठीकडं बघत होतो.

"ते आकडे चुकीचे होते, सर," जयश्री म्हणाली. आवाज स्वच्छ. "आमच्या वाघमारे मॅडमचं चुकलं होतं. कसं चुकलं ते त्यांनीच शोधलं आणि त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. त्यावर माझ्या प्रबंधात एक आख्खं प्रकरण आहे. दाखवू का?"

परीक्षक म्हणाले, "दाखवा."

आणि मॅडम खुर्चीत मागं वळल्या. पाठीमागं बसलेल्या आम्हा सगळ्यांकडं त्यांनी रांगेमागून रांग बघितलं. पोरगं गॅदरिंगला न अडखळता कविता म्हणतं तेव्हा आई शेजारपाजारच्यांकडं बघते, तसं. डोळे भरलेले, मान ताठ. नजर माझ्यापाशी आली तेव्हा त्या ओठांतल्या ओठांत, पण मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "भ्याली न्हाई, सर. माझं नाव घेऊन सांगितलं."